विहिरीचे पाणी आणि दाबाची टाकी

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर अभ्यासपूर्ण विवेचने झाली. त्या पंक्तीत मी पंप आणि पाण्याची टाकी हा विषय घेऊन उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. मी अभियंता नाही. कलाशाखेचा पदवीधर, केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकवलेला गृहस्थ आहे. तथापि या बंगळूर शहरात आपल्यापैकी पुष्कळांनी भविष्यनिर्वाह निधीची पुंजी घालून घरे बांधली, आवारात बोअर खणली, आणि आता तीच मंडळी भेटली की विचारतात, "नळाला जोर नाही, दाबाची टाकी बसवावी काय? बसवावी तर किती लिटरची?" दुकानदार जी पुढे करतो ती टाकी घरी येते. ती चुकीची असेल तर भुर्दंड टाकीपुरता राहत नाही. शेकडो फूट खोल सोडलेली मोटर जळते. ती वर काढायची म्हणजे माणसे आणा, सगळे पाइप उपसा, दुरुस्तीला द्या आणि पुन्हा सोडा. मुले परगावी किंवा परदेशी, घरात साठी-सत्तरीचे दोघेच, आणि नळाला चार दिवस पाणी नाही, ही अवस्था मी अनेक घरांत पाहिली आहे. म्हणून हा विषय.

आपल्या गावाकडे आड होते, रहाट होते. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी उताराने पुण्यातील हौदांत येई आणि लोक हौदावरून पाणी भरत. पाणी आणण्याचे कष्ट होते, पण 'प्रेशर' हा शब्द कोणी उच्चारीत नव्हता. आज गच्चीवरच्या टाकीचे तत्त्वही तेच, उंचीवरून खाली येणारे पाणी. हिशेब सोपा आहे. पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर नळाशी साधारण 1 किलो दाब मिळतो. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 1 किलोग्रॅम, आपले प्लंबर याच भाषेत बोलतात. वरच्या मजल्यावरील शॉवरपासून गच्चीवरची टाकी जेमतेम 3 मीटर उंच असते. म्हणजे दाब 0.3 किलो! तळमजल्याच्या नळाला धार बरी येते आणि वरच्या न्हाणीघरात थेंब गळतात, याचे कारण एवढेच. टाकी आणखी उंच करणे खर्चाचे असते. तेव्हा दुसरा उपाय म्हणून पंप व दाबाची टाकी पुढे येते.

या टाकीच्या पोटात रबरी पिशवी असते. पिशवीत पाणी आणि तिच्या बाहेर, पोलादी भिंतीच्या आत, दाबून भरलेली हवा. पंप चालू झाला की पाणी पिशवीत शिरते आणि हवा आक्रसते. ठरलेल्या वरच्या दाबाला प्रेशर स्विच पंप बंद करतो. मग आपण नळ सोडला की आक्रसलेली हवा स्प्रिंगसारखी पाण्याला बाहेर रेटते. दाब खालच्या मर्यादेपर्यंत उतरला की पंप पुन्हा सुरू होतो. रॉबर्ट बॉइल याने 1662 साली मांडलेला नियम येथे राबतो: तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही टाकी पाणी निर्माण करीत नाही, आणि साठाही फारसा करीत नाही. दोन वेळा चालू होण्याच्या मध्ये मोटरला विश्रांती मिळवून देणे, हे तिचे खरे काम. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि तापते. वारंवार चालू-बंद होणे हेच तिच्या मरणाचे कारण ठरते. म्हणून टाकीची निवड या विश्रांतीच्या हिशेबानेच झाली पाहिजे.

परंतु त्याही आधीचा प्रश्न विहिरीचा आहे. येथील जमिनीखाली ग्रॅनाइट व नाइस जातीचा कठीण खडक आहे. आपल्या देशावरच्या काळ्या कातळाप्रमाणेच यातही पाणी भेगांतूनच मिळते. बोअर किती खोल आहे, यापेक्षा तिला दर मिनिटाला किती पाणी येते, हे महत्त्वाचे. ते घरीच मोजता येते. 200 लिटरचे पिंप ठेवून पंप चालू करावा आणि घड्याळ लावावे. पिंप सुमारे पावणेसात मिनिटांत भरले तर मिनिटाला 30 लिटर पाणी आले. पण पहिल्या पिंपावर भरवसा ठेवू नये, कारण तेवढे पाणी बोअरमध्ये साठलेलेच असते. तास-दीड तास मोजत राहावे, आणि तेही भर उन्हाळ्यात. पुढचे पिंप भरायला वीस मिनिटे लागू लागली, तर बोअरची खरी आवक 10 लिटरच समजावी. धार तुटून हवा फसफसू लागली तर पंप ताबडतोब बंद करावा, कारण पाण्यातल्या मोटरला सभोवतालचे पाणीच थंड ठेवते.

अशा अशक्त बोअरला दाबाची टाकी थेट जोडू नये. तिचे पाणी सावकाश जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे इकडे ज्याला संप म्हणतात त्यात साठवावे, आणि संपावर लहानसा वेगळा पंप व दाबाची टाकी बसवावी. खालचा पंप बिघडला तरी तो हाताशी असतो. बोअरमधून पाइप उपसण्याची वेळ येत नाही. माझ्या मते या शहरातील बहुतेक घरांना हीच रचना योग्य आहे. नगरपालिकेच्या नळाला मात्र थेट पंप लावू नये. ते बहुतेक शहरांत नियमबाह्य आहे आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणारेही आहे.

आता आकाराचा हिशेब. थोडे आकडे सांगतो. त्यांना भिऊ नये. समजा, स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरे असे तीन नळ एकदम चालतात, म्हणून आपण मिनिटाला 30 लिटर देणारा पंप घेतला. तो 1.5 किलोला चालू होतो आणि 3 किलोला बंद होतो. टाकीवर '100 लिटर' असे छापलेले आहे. पुष्कळांची समजूत अशी की, 100 लिटर पाणी मिळेल. तसे नाही. टाकीत आधी भरलेल्या हवेचा दाब 1.3 किलो धरा. बॉइलच्या नियमासाठी प्रत्येक दाबात वातावरणाचा 1 किलो मिळवावा लागतो. म्हणजे 2.3 दाबाला 100 लिटर असलेली हवा, 2.5 दाबाला 92 लिटर होते आणि 4 दाबाला साडेसत्तावन्न. पंप बंद झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत मिळणारे पाणी एवढ्याच फरकाचे, सुमारे 34 लिटर. थोडक्यात, छापलेल्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरावा.

मोटर एकदा चालू झाली की निदान एक मिनिट चालावी, असा लहान पंपांसाठी सर्वसाधारण दंडक आहे. मोठ्या पंपांना दोन मिनिटे धरतात. आपला पंप एका मिनिटात 30 लिटर देतो, म्हणून टाकीतून 30 लिटर मिळाले पाहिजेत, म्हणून टाकी 100 लिटरची. दुकानात स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून 24 लिटरची टाकी सहज गळ्यात मारली जाते. तिच्यातून मिळते जेमतेम 8 लिटर पाणी. बागेला नळीने मिनिटाला 15 लिटर पाणी घालीत आपण तासभर उभे राहिलो, तर या लहान टाकीपायी मोटर पन्नासहून अधिक वेळा चालू-बंद होते. 100 लिटरच्या टाकीत तेरा वेळा. टाक्यांच्या किमतीतला फरक आणि एका मोटरची किंमत कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहा. सरकारी कचेरीत मोठ्या खरेदीसाठी तांत्रिक पात्रतेचा लिफाफा आधी उघडतात आणि दराचा नंतर. घरच्या खरेदीतही हा क्रम ठेवण्यास हरकत नाही.

कोणी म्हणतात, दाबच वाढवून ठेवू, म्हणजे धार जोरात येईल. पंप 3 किलोला चालू आणि साडेचार किलोला बंद असा ठेवला, तर त्याच 100 लिटरच्या टाकीतून 34 ऐवजी 26 लिटरच मिळतात. शिवाय जुन्या नळांचे सांधे गळू लागतात. घरगुती वापराला दीड ते तीन किलो पुष्कळ झाले. गच्चीवर सौर बंब असेल, तर विशेष जपावे. काचेच्या नळ्यांचे बरेचसे बंब दाब सोसणारे नसतात. त्यांना दाबाच्या पंपाची नळी जोडू नये. गच्चीवरच्या टाकीतूनच पाणी द्यावे, किंवा दाब सोसणारा बंब घ्यावा.

टाकीत आधी भरायच्या हवेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पंप ज्या दाबाला चालू होतो, त्यापेक्षा ही हवा सुमारे 0.2 किलोने कमी असावी. ती अधिक असेल तर पंप चालू होण्याआधीच पिशवी रिकामी होते आणि नळ क्षणभर अडखळतो. हवा मुळीच भरली नाही, तर त्याच 100 लिटरच्या टाकीतून 15 लिटरच पाणी मिळते, म्हणजे निम्म्याहून कमी. मोजताना वीज बंद करावी, नळ सोडून टाकीतले सगळे पाणी काढावे आणि मग सायकलच्या पंपाला लागते तशा वाल्व्हवर दाबमापक धरावा. पाणी आत असताना मोजलेला आकडा फसवा असतो. सहा महिन्यांतून एकदा, दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला म्हणा, हे केले तरी पुरे.

पिशवी नसलेल्या साध्या जस्ताच्या टाक्याही मिळतात. त्यांत हवा आणि पाणी एकमेकांना भिडलेले असल्याने हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते, टाकी पाण्याने तुडुंब भरते आणि मोटर दर काही सेकंदांनी टक-टक करू लागते. शिवाय तेवढ्याच विश्रांतीसाठी ती दुपटीहून मोठी घ्यावी लागते. म्हणून पिशवीची टाकीच पसंत करावी. पिशवी पिण्याच्या पाण्यास योग्य रबराची आहे काय, फाटली तर बदलून मिळते काय, टाकी किती दाब सोसते, हे लेखी विचारावे. टाकी सावलीत ठेवावी. उन्हात रबर लवकर कडक होते. प्रेशर स्विचजवळ दाबमापक, पंपानंतर पाणी उलट न जाऊ देणारा वाल्व्ह आणि दाब वाढल्यास आपोआप सुटणारा सुरक्षा वाल्व्ह, ही तिन्ही असल्याशिवाय काम पूर्ण झाले असे प्लंबरला म्हणू देऊ नये. हवेच्या वाल्व्हची पिन दाबून पाहावी; हवेऐवजी पाणी आले तर पिशवी फाटली असे खुशाल समजावे.

गच्चीवरची टाकी मात्र काढून टाकू नका, ही माझी आग्रहाची विनंती. वीज गेली की 100 लिटरच्या दाबाच्या टाकीत फार तर दोन बादल्या पाणी उरते. गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीत पन्नास बादल्या असतात आणि त्यांना विजेची गरज नाही. वृद्धांच्या घरी निदान शौचालय आणि स्वयंपाकघर यांचे नळ गच्चीवरच्या टाकीवर ठेवावेत आणि दाबाची टाकी शॉवर, कपडे धुण्याचे यंत्र अशा सोयींपुरती वापरावी.

दुकानात जाण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहून न्या: उन्हाळ्यातील बोअरची आवक, पंपाची मिनिटाची धार, पंप चालू होण्याचा दाब आणि बंद होण्याचा दाब. हे चार आकडे हाती असलेल्या गिऱ्हाईकाला कोणी फसवू शकत नाही. ज्यांना ते काढता येत नाहीत, त्यांच्या घरी मंडळातील तरुणांनी एका रविवारी पिंप आणि घड्याळ घेऊन जावे, असे मी सुचवतो. परमुलखात आपण एकमेकांचे सोयरे आहोत. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करताना ज्या घरांची दारे आपण वाजवतो, त्यांच्या नळाची चौकशीही आपणच करावी.

शेवटी एकच सांगतो. 2024 च्या उन्हाळ्यात या शहरातील हजारो बोअर कोरड्या पडल्या. उत्तमोत्तम टाक्या आणि पंप असलेल्या घरांतही त्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागली. गच्चीवर पडणारा पाऊस गाळून संपात आणि उरलेला जमिनीत सोडण्याची व्यवस्था ज्यांनी केली नसेल, त्यांनी टाकीच्या आधी ती करावी. दाब यंत्राने मिळतो, पाणी मात्र आधी जमिनीत असावे लागते.