पडद्यामागचा दुभाषी

गेल्या उन्हाळ्यांत एका रात्रीं खारघरच्या आमच्या घरीं संगणकाचा पडदा एकाएकीं काळा झाला, क्षणभरानें उजळला आणि पुन्हां काळवंडला. मुलीला घरबांधणीचा आराखडा सकाळीं कॉलेजांत द्यावयाचा होता. नवें ग्राफिक्स कार्ड आणावें, असें सर्वांचें मत पडलें. परंतु निदानावांचून औषध कां घ्यावें?

ग्राफिक्स ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांमधला दुभाषी होय. कार्डाकडून सुमारें २ सेकंद उत्तर न आल्यास विंडोज कार्ड व ड्रायव्हर यांना नव्यानें कामास लावते. २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टापासून ही सोय आहे. तेव्हां क्षणभर काळा झालेला पडदा हें यंत्राचें मरण नव्हे; तो सांवरण्याचा प्रयत्न असतो.

प्रथम, बिघाडापूर्वीं काय बदललें तें आठवावें. नवा ड्रायव्हर आला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून जुना परत आणावा. तेवढ्यानें न भागल्यास सेफ मोडमध्यें तो समूळ काढून निर्मात्याचाच ड्रायव्हर पुन्हां बसवावा. मग उष्णता व वीजपुरवठा पाहावा. सिडकोनें वसविलेल्या या नगरांत बांधकामांची धूळ पुष्कळ, ती पंख्यांत सांचली कीं कार्ड तापतें. मात्र एका वेळीं एकच बदल करावा; नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

आमच्याकडे दोनच दिवसांपूर्वीं ड्रायव्हर आपोआप बदलला होता. जुना परततांच पडदा स्थिर झाला. कार्डाचा खर्च वांचला, आणि आराखडाहि वेळेवर पोंचला.