पहिलं पिस्तूल : स्वस्त, मस्त आणि ‘सगळ्याला एकच’?

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडंफार तसंच ठेवलंय.)

आज मी घरूनच बोलतोय, बोनकोड्यातून. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर सांभाळून घ्या. खोली एकच, आणि आई काही माझ्या रेकॉर्डिंगसाठी डाळ थांबवणार नाही.

गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. शब्द वेगळे, मुद्दा तोच. ‘भाऊ, पहिल्यांदाच पिस्तूल घेतोय. बजेट कमी आहे. सगळ्याला चालेल असं एखादं सांग ना.’ सगळ्याला म्हणजे काय, तर थोडी प्रॅक्टिस, जमलं तर स्पर्धा, आणि वेळ पडली तर सेल्फ डिफेन्स.

मी मॉडेलचं नाव देऊन मोकळा होऊ शकलो असतो. पण हाच प्रश्न मी स्वतः विचारला होता, आणि उत्तर मिळायच्या आधीच खरेदी करून बसलो होतो. आईच्या पैशांनी. म्हणून आधी ते सांगतो.

साडेसोळा हजारांचा धडा

२०२४ चा ऑगस्ट आठवतोय? पॅरिस ऑलिम्पिक. आधी मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं, मग १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ. मी तो राउंड मोबाईलवर बघितला, कोपरखैरणे स्टेशनच्या बाकड्यावर बसून. दोन गाड्या सोडल्या. त्या दिवशी डोक्यात बसलं, आपणपण नेमबाजी करायची.

आमचे आप्पा माथाडी. सातारा जिल्ह्यातून आले, वाशीच्या मार्केटमध्ये आयुष्यभर पोती उचलली. घरात ‘छंद’ नावाचा खर्च कधी नव्हताच. पण आईची भिशी लागली होती. ती म्हणाली, ‘घे, पण नीट बघून घे.’ मी काय बघितलं? रील्स. एका दुकानातून CO₂ वर चालणारं एअर पिस्तूल आणलं. काळंकुट्ट, वजनदार, हुबेहूब खऱ्यासारखं. साडेसोळा हजार रुपये. दुकानदार म्हणाला, ‘ऑल पर्पज आहे, घेऊन टाक.’ मीही टाकलं घेऊन.

पहिल्या आठवड्यात ते घेऊन रेंजवर गेलो. कोच सरांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत दिलं. म्हणाले, ‘हे इथे चालवायचं नाही.’ का? कारण त्यातून स्टीलचे गोल बीबी छर्रे सुटतात. ते कडक पृष्ठभागावर आपटले की उलटे येतात, कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतात. रेंजवर चालतात ते शिशाचे, पुढून चपटे पेलेट. ते कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात, म्हणून गुण मोजता येतात. शिवाय माझ्या पिस्तुलाची साइट हलत नव्हती, ट्रिगर दगडासारखा जड. म्हणजे प्रॅक्टिसला बाद, स्पर्धेला बाद.

राहिलं काय? गच्चीवर डबे पाडणं. तेही दोनच दिवस केलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी खिडकीतून बघितलं, गच्चीवर एक पोरगा पिस्तूल रोखून उभा. त्यांनी ११२ लावला. त्यांचं काय चुकलं? लांबून मलासुद्धा ते खरंच वाटलं असतं. पोलीस आले, बिल बघितलं, पिस्तूल तपासलं, समज देऊन गेले. पण जिन्यात अख्खी बिल्डिंग उभी होती, आणि आई खालच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती. ते साडेसोळा हजार मी विसरेन, ती पायरी नाही विसरणार.

रात्री आप्पा एवढंच बोलले, ‘अरे, आम्ही पोत्याला आकडा लावतो. तोच आंब्याच्या पेटीला लावला तर माल फुटतो. सगळ्या मालाला एकच आकडा नसतो.’

आजचा सगळा भाग खरं तर या एका वाक्यात आहे. आधी काम ठरवा, मग हत्यार. ‘सगळ्याला चालणारं’ पिस्तूल आपल्याकडे कायद्यात बसत नाही आणि रेंजवरही बसत नाही.

सेल्फ डिफेन्सवाल्यांसाठी

हा भाग पटकन उरकतो, पण ऐका नीट.

बंदुकीची गोळी झाडणाऱ्या कुठल्याही पिस्तुलाला किंवा रिव्हॉल्वरला परवाना लागतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. वय किमान २१. आपल्याकडे अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे जातो. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, आणि तुम्हाला ते का हवंय याचं पटणारं कारण द्यावं लागतं. ‘रात्री उशिरा घरी येतो’ एवढ्यावर होईल असं समजू नका. ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळतच नाही. परवानाधारक बहुतेक ०.३२ बोअर घेतात. सरकारी कारखान्याची ‘निर्भीक’ नावाची रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आली, तेव्हाच तिची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. म्हणजे ‘स्वस्त’ हा शब्द इथेच संपला.

मग कुणीतरी कानात सांगतो, ‘भाई, कट्टा मिळेल.’ मंडळी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुक बाळगण्याच्या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. बंदी असलेल्या प्रकारातलं हत्यार निघालं तर सात ते चौदा वर्षं. हळदीत, वरातीत हवेत बार काढणं हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका रीलसाठी पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळं गेलं.

आणि खऱ्यासारखं दिसणारं एअर पिस्तूल ‘दाखवायला’ जवळ ठेवायचं? ते तर सगळ्यात वाईट. समोरच्याकडे खरं काही असेल तर तो तुमचं खोटं आहे की नाही ते तपासत बसणार नाही. भीती वाटते म्हणून घेत असाल, तर हे पैसे दुसरीकडे लावा. दाराला चांगलं कुलूप बसवा, आणि ११२ फोनमध्ये असूच द्या. आमच्या काकूंना विचारा, लगेच येतात.

नेमबाजी करायचीय? मग बोलूया

आता खरा विषय. खेळ म्हणून सुरुवात करायची असेल तर पहिलं पिस्तूल म्हणजे १० मीटरचं एअर पिस्तूल. ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी बोअर, आणि ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा साधारण ६ जूलच असते, त्यामुळे तिथे निर्धास्त. बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स मात्र कायम केसमध्ये ठेवा.

खेळाचे नियमच तुमची अर्धी खरेदी ठरवून देतात. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅम जोर लागला पाहिजे. साइट उघडी हवी, दुर्बीण नाही. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या खोक्यात मावलं पाहिजे. समोर दहा मीटरवर टार्गेट, त्यातला दहाचा गोल फक्त ११.५ मिमी. शर्टाचं बटण समजा. असे ६० शॉट, ७५ मिनिटांत. दुकानदार ‘पॉवर, पॉवर’ करायला लागला की हे आठवा. या खेळात पॉवरचं काहीच काम नाही.

प्रकार किती? स्प्रिंगवाली स्वस्त असतात, पण सुटताना झटका देतात, हात बिघडतो. CO₂ ची गोष्ट तुम्ही ऐकलीत. मग येतं सिंगल स्ट्रोक, म्हणजे एकदा दांडा ओढायचा, हवा दाबली जाते, एक शॉट. सिलिंडर नाही, पंप नाही, बिघडायला कमी. रशियाचं बायकाल आयझेडएच-४६ एम याच जातीचं, जगभर कितीतरी लोक त्यावर शिकले. आणि सगळ्यात वर पीसीपी, म्हणजे भरलेल्या हवेच्या सिलिंडरवाली. स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ. स्पर्धेत हीच दिसतात. नवीन घ्यायचं तर लाखाच्या वरच बोलायचं.

आता माझ्यासारख्याचं बजेट. मी काय केलं ते सांगतो. सरांनी मला सहा महिने काहीच घेऊ दिलं नाही. क्लबचं पिस्तूल, क्लबची लेन, फी भरा आणि मारा. घरी काय? एक लिटर पाण्याची भरलेली बाटली. वजन एक किलो, एअर पिस्तूलही साधारण तेवढंच. हात सरळ, खांद्याच्या उंचीवर, तीस सेकंद धरायची, मग आराम. वीस वेळा. पहिल्या आठवड्यात हात थरथरून बाटली पायावर पडली. खर्च? वीस रुपये, तेही पाणी पिऊन झाल्यावर.

या सहा महिन्यांत दोन गोष्टी कळतात. एक, तुम्हाला हा खेळ खरंच आवडतो का. माझ्यासोबत चौघे आले होते, दोघे तिसऱ्या महिन्यात गायब. दोन, तुमचा हात केवढा, ग्रिप स्मॉल लागते की मीडियम, तुम्ही डावरे आहात का. हे कळायच्या आधी घेतलेलं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल.

सेकंड हँड घेताना

सहा महिन्यांनी मी जुनं पीसीपी घेतलं, रेंजवरच्याच एका सीनियर ताईकडून. CO₂ वालं ओएलएक्सवर टाकावंसं वाटत होतं, पण ते माझ्यासारख्याच एखाद्याच्या गच्चीवर जाणार म्हणून नाही विकलं. कपाटात आहे, कुलपात. तर, जुनं घेताना हे बघा :

पहिलं, सिलिंडरवरची तारीख. मॅच पिस्तुलांच्या ॲल्युमिनियम सिलिंडरचं आयुष्य कंपन्या साधारण दहा वर्षं धरतात, तारीख त्यावरच कोरलेली असते. आत २०० बारपर्यंत दाब असतो, म्हणजे मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही, विषय संपला. पिस्तूल स्वस्तात मिळतंय आणि सिलिंडर नवा घ्यावा लागतोय, तर हिशोब तिथेच उलटा होतो.

दुसरं, गळती. संध्याकाळी प्रेशर बघून ठेवायला सांगा, सकाळी परत बघा. काटा खाली आला असेल तर सील गेलेत.

तिसरं, ट्रिगरचं वजन. ५०० ग्रॅमचं वजन लावून उचलून बघतात. रेंजवर हे कुणीही करून देईल.

चौथं, हवा भरायचा ॲडॅप्टर. प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. तुमच्या रेंजवर तो नसेल तर पिस्तूल शोकेसमध्ये.

पाचवं, दुरुस्ती कोण करणार? टोकियोत २०२१ मध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. वेळ गेला, ५७५ वर थांबली, बारावी आली, फायनल हुकली. जगातलं उत्तम हत्यारही बंद पडतं. म्हणून तुमच्या रेंजवर जे मॉडेल चार-पाच जण वापरतात तेच घ्या. त्याचे पार्ट, त्याची माहिती, त्याचा उस्ताद, तिघेही जवळ मिळतात.

आणि लेखी पावती, सीरियल नंबरसकट. ओळखीतलं असलं तरी.

पूर्ण बजेट पिस्तुलावर उडवू नका. आठवड्यात पाच दिवस, रोज शंभर शॉट धरले तर ५०० पेलेटचा एक डबा आठवड्यात संपतो. रेंजची फी, प्रवास, डोळ्यांचा चष्मा वेगळा. मी निम्मे पैसे पिस्तुलाला, निम्मे वर्षभराच्या पेलेट आणि फीला असं वाटून ठेवलं होतं. पेलेट शिशाचे, त्यामुळे रेंजवर हात तोंडाला लावायचा नाही, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय वडापाव नाही.

पिस्तूल नेताना बंद केसमध्ये, रिकामं. मी वरळीच्या रेंजला जातो तेव्हा कोपरखैरणे ते ठाणे, मग दादर, मग बस. वाटेत एकदाही केस उघडलेली नाही. मित्र म्हणतात ‘दाखव ना’. मी म्हणतो, रेंजवर ये, तिथे दाखवतो. गच्चीवर तर आता मी कपडे वाळत घालायलासुद्धा हात वर करताना आजूबाजूला बघतो.

शेवटचं

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण घेतलं. पिस्तूल प्रकारात वर्ल्ड कप सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय. पुढे २०१८ ला एशियन गेम्सचं सुवर्ण. आपल्या मातीत हे होतं, हे मी स्वतःला रोज सांगतो. माझा स्कोअर विचाराल तर अजून सांगण्यासारखा नाही. पण परवा खंडेनवमीला आप्पांनी त्यांचा आकडा पुसून पाटावर मांडला, आणि न बोलता शेजारी थोडी जागा सोडली. मी माझी केस ठेवली. आईनं दोन्हींना हळदकुंकू लावलं. कपाटातलं साडेसोळा हजारांचं मात्र कुणीच काढलं नाही.

तर घाई करू नका. आधी जवळची रेंज शोधा, एक महिना क्लबच्या पिस्तुलावर मारा, मग मला मेसेज करा. तेव्हा तुमचा प्रश्न ‘कुठलं घेऊ’ असा नसेल, ‘हे घेऊ की ते’ असा असेल. त्याचं उत्तर मी नक्की देईन.

आवडलं असेल तर त्या एका मित्राला पाठवा जो आत्ता कार्टमध्ये काहीतरी काळंकुट्ट टाकून बसलाय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!