बटण गळ्यात, चावी शेजारी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण खामगावात इथे राहायला आलो, तेव्हा जिन्यात पोरांचा गलका असे. आता पोरं पुण्याला, हैदराबादला. मागे राहिलो आपण. सौ. गेल्यापासून मी तर एकटाच.

गेल्या पावसाळ्यात मुलाने गळ्यात घालायचं बटण पाठवलं. दाबलं की ठरवलेल्या नंबरांवर फोन जातो. आंघोळीला जाताना भिजेल म्हणून मी ते खुंटीला टांगलं, आणि नेमका तिथेच घसरलो. तासाभराने टॉवेल ओढून ते कसंबसं खाली पाडलं. फोन गेला पुण्याला, तिथून समोरच्या सूनबाईंना. दोन मिनिटांत सगळे दारात. पण आतून कडी! सूनबाई बाहेरून ओरडतात, "काकाजी, कडी काढा ना!" अहो, कडी काढता आली असती तर बटण कशाला दाबलं असतं? शेवटी दार फोडावं लागलं.

आयुष्य बँकेत गेलं. काउंटरखाली धोक्याचं बटण असे. ते वाजतं का, हे आम्ही नेमाने तपासायचो. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे. लोकांच्या पैशासाठी एवढी दक्षता आणि स्वतःच्या जिवासाठी कडी लावून बसलो!

म्हणून सांगतो, बटण घ्या, पण पाण्यात चालणारं घ्या आणि न्हाणीतही गळ्यातच ठेवा. त्यात सिम असेल तर रिचार्ज संपू देऊ नका. वायफायवर चालत असेल तर लाईट गेल्यावर चालतं का, ते पाहा. महिन्यातून एकदा दाबून बघा. पहिला नंबर शेजाऱ्याचा, मुलाचा दुसरा.

यंत्र नसलं तरी मोबाईल आहेच. २०१६च्या केंद्रीय नियमांप्रमाणे साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबलं, की मदतीचा फोन लागायला हवा. काही फोनांवर ते पाचदा दाबावं लागतं. नातवाकडून सेटिंग पाहून घ्या. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. एकट्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यात असावी, असं राज्याच्या २०१०च्या नियमांत आहे. आपली नावं सोसायटीनेच नेऊन द्यावीत, ही माझी विनंती.

आता मी रात्री कडी लावत नाही, नुसतं लॅच लावतो. दुसरी चावी सूनबाईंकडे आहे.

आपण पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. बँकेला तो वर्षातून एकदा पुरतो. शेजाऱ्याला मात्र रोज द्या. सकाळी दार उघडून नुसतं 'राम राम' म्हणा. ज्या दिवशी माझा राम राम ऐकू येणार नाही, त्या दिवशी सूनबाई चावी घेऊन येतील, असं आमचं ठरलंय. तुमचंही आजच ठरवा.