खोलीतला उजेड आणि चित्रातला उजेड



इमारतीचा पाया खोदला जात असतो आणि ब्रोशरमध्ये मात्र बाराव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात सोफ्यावर ऊन पडलेलं असतं. आपण ज्याला ‘थ्रीडी’ म्हणतो ते हे चित्र. आज मला बोलायचं आहे ते त्यातल्या उजेडाबद्दल.

1984 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सिंडी गोरल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एका रिकाम्या खोक्याचं चित्र गणिताने काढलं. बाजूच्या भिंती रंगीत, बाकी सगळं पांढरं. तोवरच्या बहुतेक संगणकचित्रांत प्रकाश दिव्यातून निघायचा, भिंतीवर पडायचा आणि तिथेच संपायचा. इथे तो एका भिंतीवरून उसळून दुसरीवर गेला, जाताना पहिलीचा रंग घेऊन गेला. शेजारच्या पांढऱ्या भागावर त्या रंगाची झाक उतरली. दोन वर्षांनी तिथल्याच संशोधकांनी खरा खोका आणि पडद्यावरचं त्याचं चित्र लोकांना कॅमेऱ्यांच्या काचेतून दाखवलं. खरं कोणतं, हे लोकांना नुसत्या अंदाजापेक्षा जास्त ओळखता आलं नाही. त्याच 1986 साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या देवघेवीचं समीकरण मांडलं. रेंडरिंगची, म्हणजे अशी चित्रं तयार करणारी, आजची सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत.

आता आपल्या भिंतीकडे या. ताज्या पांढऱ्या रंगाची भिंत अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 80 टक्के परत देते. चित्र करणाऱ्याने तो आकडा 95 केला तर? फरक किरकोळ वाटतो. पण प्रकाश भिंतीभिंतींवर पुन्हा पुन्हा उसळत असतो. पूर्ण बंद खोलीत या उसळ्यांची बेरीज केली, तर 80 टक्क्यांना मूळ प्रकाशाच्या पाचपट उजेड भरतो आणि 95 टक्क्यांना वीसपट! खिडकीतून काही प्रकाश निसटतो, फर्निचर काही गिळतं, त्यामुळे प्रत्यक्षात तफावत एवढी राहत नाही. पण कोंदट खोली उजळते आणि कोपऱ्यांतल्या सावल्या पुसल्या जातात. खिडकी मात्र होती तेवढीच असते.

फरशीही अशीच बोलते. गुळगुळीत टाइलकडे सरळ खाली पाहिलं तर ती जेमतेम चार टक्के प्रकाश आरशासारखा परतवते. नजर तिरपी होईल तसं हे प्रमाण झपाट्याने चढतं. म्हणून पायाशी टाइलचा रंग दिसतो आणि दूरवर खिडकीचं प्रतिबिंब. सगळी फरशी सारखीच चकाकत असेल, तर त्या चित्राच्या बाकीच्या उजेडावरही मी विश्वास ठेवत नाही.

आणि ऊन. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून 48 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं आत येतं. 21 जूनला तो जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. त्या खिडकीतून तेव्हा ऊन येतच नाही. अक्षांश, तारीख आणि वेळ दिली की सॉफ्टवेअर सूर्य बरोबर जागी ठेवतं. तरीही उत्तरेच्या दिवाणखान्यात दुपारी लांबलचक ऊन पाडलं जातं, समोरची इमारत चित्रातून काढली जाते. मला हे अजिबात मान्य नाही. माणसं वीस वर्षांचं कर्ज काढून त्या उजेडात राहायला जाणार असतात. 2016 च्या रेरा कायद्यातलं कलम 12 जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाईचा हक्क देतं. पण तिथवर कशाला जायचं? बुकिंगच्या टेबलावरच विचारा: हे ऊन कोणत्या महिन्यातलं, किती वाजताचं? खिडकी कोणत्या दिशेची? आणि समोरची इमारत कुठे आहे?