जॅझचे मास्तर
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा निरोप एवढाच होता की, जॅझवर दहा-पंधरा मिनिटं बोल, फार जड करू नकोस. जॅझ म्हटलं की लोक न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्या आणि न्यूयॉर्कचे रात्रभर चालणारे क्लब यांच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. पण रेकॉर्डच्या पुठ्ठ्यांवरचा मजकूर आणि वादकांची चरित्रं वाचताना मला त्यात सारखे शाळामास्तर भेटत गेले. समोर आपले सर आणि बाई बसल्या आहेत, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलतो. यात माझा एक स्वार्थही आहे. तो शेवटी सांगतो.

लुई आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१ चा, न्यू ऑर्लिन्समधल्या अत्यंत गरीब वस्तीतला. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री, नववर्षाच्या धामधुमीत, या अकरा वर्षांच्या पोराने रस्त्यावर पिस्तुलाचा बार हवेत उडवला आणि पोलिसांनी त्याला धरलं. रवानगी झाली कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात. तिथे पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक होते. पोरगा वाईट वस्तीतला, म्हणून सुरुवातीला त्यांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. आधी हातात खंजिरी दिली, मग ढोल, मग बिगुल. शेवटी कॉर्नेट दिलं आणि बँडचा म्होरक्याही केलं.

पुढे २८ जून १९२८ रोजी त्याने 'वेस्ट एंड ब्लूज' ही रेकॉर्ड केली. सुरुवातीला कोणाचीही साथ न घेता तो एकटा ट्रंपेट वाजवतो. जेमतेम बारा-तेरा सेकंदांचा तुकडा आहे, पण जॅझमध्ये एकट्या वादकाने किती उंच जावं याची मोजपट्टी तिथे ठरली. शेवटच्या आवर्तनात तो एकच वरचा स्वर जवळपास चार मात्रागट धरून ठेवतो. आपल्याकडे गवई तार षड्जावर असा थांबला की सभागृहाचाही श्वास थांबतो ना, तसंच. १९३१ साली नावारूपाला आलेला लुई न्यू ऑर्लिन्सला परतला, तेव्हा मुद्दाम त्या सुधारगृहात गेला आणि डेव्हिसना भेटला. तो माजी विद्यार्थी मेळावा एकट्याचाच होता, आणि स्मरणिकाही निघाली नसावी.

आता माझ्या सर्वांत आवडत्या माणसाकडे येतो, माइल्स डेव्हिसकडे. याचे वडील ईस्ट सेंट लुईसचे दंतवैद्य. घर खाऊनपिऊन सुखी. आईची इच्छा मुलाने व्हायोलिन शिकावं अशी, वडिलांनी ट्रंपेट आणून दिलं. (असे वाद कोणत्या घरात होत नाहीत?) शाळेतले संगीतशिक्षक एलवूड बुकॅनन हे वडिलांच्या दवाखान्यात येणारे. त्या काळच्या ट्रंपेटवाल्यांना स्वराला कंप द्यायची फार हौस असे. माइल्सने तसं केलं की बुकॅनन सर त्याच्या बोटांवर पट्टी मारत. सरळ वाजव म्हणत. म्हातारा झालास की आपोआप थरथरशील! हे माइल्सने स्वतः मोठेपणी सांगितलं आहे.

आणि मग 'काइंड ऑफ ब्लू' ऐका. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, अशा दोन दिवसांत ही रेकॉर्ड झाली. एकूण पाचच रचना. माइल्सने वादकांना पूर्ण लिहिलेलं संगीत दिलं नाही, नुसती रूपरेषा दिली. सोबत जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडरली, बिल एव्हान्स अशी एकेक भारी माणसं. पहिली रचना 'सो व्हॉट'. त्यात बास एक प्रश्नासारखा तुकडा वाजवतो आणि बाकीचे दोनच झटक्यांत उत्तर देतात. मग माइल्सचं ट्रंपेट येतं, सरळ, कोरडं, न थरथरणारं. सूर लावून तो जागा सोडतो आणि त्या शांततेतही गाणं चालूच राहतं. बुकॅनन सरांची पट्टी मला तिथे ऐकू येते.

ज्यांना पेटी येते त्यांनी घरी एक करून पाहावं. पांढरी दोनला 'सा' धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. काफी थाट मिळेल. 'सो व्हॉट' बहुतांश त्याच सात सुरांवर उभी आहे. मध्येच आठ मात्रागटांसाठी सगळं अर्ध्या सुराने वर सरकतं आणि परत खाली येतं, बस्स. त्याआधीच्या जॅझमध्ये सुरावटीखालचा स्वरमेळ झरझर बदलत असे आणि वादकाला त्यामागे धावावं लागे. इथे धावपळ थांबली. सूर थोडे, वेळ भरपूर. राग ऐकणाऱ्या कानाला हे परकं वाटत नाही.

शिकागोच्या दक्षिण भागात डुसेबल हायस्कूल होतं. तिथले बँडमास्तर वॉल्टर डायेट लष्करी बँडमधून आलेले, म्हणून मुलं त्यांना 'कॅप्टन' म्हणत. तीसेक वर्षं त्यांनी सरकारी शाळेत गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवलं. शिस्त कडक. वाद्यांना पैसे कमी पडत, म्हणून दरवर्षी मुलांचाच मोठा कार्यक्रम बसवून तिकिटं विकत. त्यांच्या हाताखालून कोण गेलं? नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन ॲमन्स, जॉनी ग्रिफिन. कोल्ट्रेनसोबत १९६३ मध्ये अजरामर रेकॉर्ड करणारा गायक जॉनी हार्टमन. बासवादक रिचर्ड डेव्हिस, जो पुढे स्वतःच विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाला. एका शाळेतून इतके!

एक मास्तर संगीताचे नव्हते. एबल मीरोपोल न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात इंग्रजी शिकवत. झाडाला लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांचं छायाचित्र पाहून त्यांनी कविता लिहिली, ती १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात आली. तिचंच झालं 'स्ट्रेंज फ्रूट'. बिली हॉलिडेच्या नेहमीच्या कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला, मग १९३९ मध्ये एका छोट्या कंपनीने केलं. क्लबमध्ये ती ते गाताना वेटर थांबत, दिवे मालवत, आणि नंतर 'वन्स मोअर' नाही.

आपल्याजवळचंही सांगतो. गोव्यात चर्चच्या पाठशाळांतून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. तीच पोरं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. त्यातला हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियर वाझ, भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजला आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त बँडसह दिसला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 'अमर अकबर अँथनी'मधलं ते प्रसिद्ध गाणं आठवा. शिष्याने गुरूचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं, ते असं.

आता स्वार्थ. आपल्या शाळेत संगीताचा तास बंद होऊन बरीच वर्षं झाली. चहानंतरच्या बैठकीत माजी विद्यार्थी निधीचा विषय आहे आणि प्रवेशद्वाराला कमान बांधावी, अशी सूचना आली आहे. कमानीवर आपल्या बॅचचं नाव येणार, हे मलाही आवडतं. पण काल मी संगीताच्या खोलीचं कुलूप उघडायला लावलं. दोन पेट्या आहेत. एकीचा भाता फाटला आहे, दुसरीच्या तीन पट्ट्या बसल्या आहेत. तबल्याची जोडी उंदरांनी खाल्ली. पेट्या दुरुस्त होतात, मी कारागिराला विचारून आलो. कमानीचं अंदाजपत्रक पाहिलं. तेवढ्या पैशांत पेट्या, तबले आणि एका अर्धवेळ संगीतशिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन निघतं. हिशेबाचा कागद मी आणला आहे, सरांच्या टेबलावर ठेवतो. बैठकीला येण्याआधी सगळ्यांनी तो एकदा पाहून घ्या.