पहिली पगारपावती

परभणीच्या एखाद्या बँकेत, शाळेत किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी लागली, की पहिल्याच दिवशी पॅन मागतात. ते कार्ड एकदा निरखून पाहा. दहा अक्षरांतलं चौथं अक्षर 'पी', म्हणजे हे खातं व्यक्तीचं. पाचवं तुमच्या आडनावाचं आद्याक्षर, जाधव असाल तर 'जे'. पॅन दिलाच नाही आणि पगार करपात्र असेल, तर किमान 20 टक्के कर कापला जातो.

पगारपावतीवरचा व्यवसाय कर मात्र वेगळा, तो राज्य सरकारचा. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषांचे दरमहा 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300. महिलांना 25 हजारांपर्यंत तो माफ आहे.

खरी अडचण येते ती वर्षाच्या मध्येच नोकरी बदलल्यावर. समजा, 2025-26 मध्ये पुण्यात सहा महिन्यांत आठ लाख मिळाले आणि पुढच्या नोकरीत सात लाख. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून प्रत्येक कार्यालयाने फक्त आपल्याकडचाच पगार धरला, तर दोन्हीकडे कपात शून्य! पण बेरीज पंधरा लाख. मग विवरणपत्र भरताना साडेसत्त्याण्णव हजारांचा कर एकदम समोर येतो, वर व्याज. म्हणून रुजू होतानाच आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कार्यालयाला लेखी द्या. पुढची कपात दरमहा, थोडी थोडी होईल.