चिमुकलं ‘बंगाल’

जयपूरला समुद्र नाही, तरी आज गोष्ट जहाजाची.

रॉयल इंडियन नेव्हीचं ‘बंगाल’ ऑस्ट्रेलियात बांधलेलं. काम सुरुंग काढायचं आणि इतर जहाजांना संरक्षण द्यायचं. खलाशी बहुतेक भारतीय. ११ नोव्हेंबर १९४२. हिंदी महासागरात ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजासोबत जाताना दोन जपानी युद्धनौका आडव्या आल्या, ‘बंगाल’पेक्षा कितीतरी पट मोठ्या. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटायला सांगितलं आणि ‘बंगाल’ थेट शत्रूच्या दिशेनं वळवलं. त्या झुंजीत ‘होकोकू मारू’ स्फोट होऊन बुडाली. ‘बंगाल’ आणि ‘ओंदिना’ दोन्ही वाचली.

गोळा कुणाचा लागला, यावर वाद आहे. शत्रूकडे कोण वळलं, यावर नाही. १९६० मध्ये ‘बंगाल’ भंगारात गेलं. आता ते उरलंय फक्त सांगण्यात. म्हणून सांगत राहू या.